कुळागराची पाऊसवही आणि द्विमितीय अ‍ॅरे : प्रकल्प नोंदी

२ ऑगस्ट २०२५

सी या प्रोग्रॅमिंग भाषेतला द्विमितीय अ‍ॅरेवरचा (म्हणजे ओळी-स्तंभांच्या तक्त्यावरचा) प्रश्न आज आम्हा दोघींना मिळाला. प्रश्न साधा आहे : पूर्णांकांचा तक्ता भरून घ्यावा, प्रत्येक ओळीची आणि प्रत्येक स्तंभाची बेरीज काढावी, आणि तक्त्यातली सर्वांत मोठी संख्या तिच्या स्थानासह दाखवावी. आकडे कोणते घ्यायचे ते आमच्यावर सोडले आहे. मैत्रिणीने वर्गाच्या गुणांचा तक्ता सुचवला. तो सगळेच घेतात आणि त्यात आपल्याला खरोखर जाणून घ्यावे असे काही नसते, म्हणून मी गोव्यातल्या सावईवेरे गावच्या काकांची पाऊसवही घेऊ या असे म्हटले आणि तिला ते पटले.

काकांचे कुळागर, म्हणजे पोफळींची मिश्र बाग, आहे. पोफळी, माड, केळी, पोफळींवर चढवलेल्या मिरवेली आणि जायफळाची काही झाडे. पावसाळ्यात पोफळीला कोळेरोग धरतो आणि हिरव्या सुपाऱ्या कुजून झाडाखाली सडा पडतो. त्यावर एक टक्का बोर्डो मिश्रण फवारतात : एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. पहिली फवारणी पावसाआधी होते, पण दुसरी चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी, म्हणजे भर पावसात येते आणि तिला उघडीप लागते. त्यामुळे काका पावसाळाभर रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातले पाणी मोजून वहीत लिहितात. हवामान खात्याची वेळही तीच आहे. साडेआठला मोजलेला पाऊस मागच्या चोवीस तासांचा असतो आणि तो मोजल्या दिवसाच्या तारखेवर मांडतात.

प्रश्नात नसलेला चौथा भाग आम्ही आपणहून जोडला : सर्वांत लांब उघडीप किती दिवसांची आणि कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत. काकांना वहीतून हवे असते ते एवढेच, आणि माझेही लक्ष त्याच भागाकडे आहे.

५ ऑगस्ट

आज एकही ओळ कोड लिहिला नाही, फक्त तक्त्याचा आकार ठरवला. १ जून ते ३० सप्टेंबर हे १२२ दिवस होतात. आठवड्याची एक ओळ धरली तर सतरा पूर्ण ओळी भरतात आणि तीन दिवस उरतात, म्हणून १८ ओळी आणि ७ स्तंभ, म्हणजे १२६ घरे. शेवटच्या ओळीतली चार घरे रिकामी राहतील. त्यांचे काय करायचे ते नंतर पाहू. ओळ रविवारपासून सुरू करावी असे मैत्रिणीचे म्हणणे होते. मात्र २०२४ मध्ये १ जूनला शनिवार होता, तेव्हा पहिल्याच ओळीत सहा घरे रिकामी सोडावी लागली असती आणि ओळी एकोणीस झाल्या असत्या. पावसाला वार ठाऊक नसतो, म्हणून १ जून हेच [०][०] धरले (पहिला आकडा ओळीचा, दुसरा स्तंभाचा, आणि सी मध्ये दोन्ही शून्यापासून मोजतात).

यातून तारखेवरून घर शोधण्याची सोपी रीत मिळते. १५ ऑगस्टच्या आधी जूनचे ३०, जुलैचे ३१ आणि ऑगस्टचे १४ असे ७५ दिवस जातात. ७५ ला ७ ने भागले की भागाकार १० ही ओळ आणि बाकी ५ हा स्तंभ, म्हणजे [१०][५]. उलट जायचे तर ओळीला ७ ने गुणून स्तंभ मिळवायचा.

पाऊस अपूर्णांकात असतो आणि प्रश्नात पूर्णांक मागितले आहेत. आम्ही मिलिमीटरच्या दहाव्या भागाला एकक मानले, म्हणजे २.५ मिलिमीटर हे २५ म्हणून साठवले जाईल. हवामान खाते २.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झालेल्या दिवसालाच पावसाचा दिवस मानते, म्हणून कोरडा दिवस ठरवण्याची आमची अट "२५ पेक्षा कमी" अशी राहील. ०.१ ही संख्या द्विमान पद्धतीत अचूक साठवता येत नाही, हे मागच्या सत्रात शिकलो होतो. पूर्णांकांमुळे ती अडचण आमच्यापुरती सुटली.

१० ऑगस्ट

वहीतले आकडे भरण्याआधी, हाताने पडताळता येईल असा तीन ओळींचा लहान तक्ता तयार केला. यातले आकडे आमच्या मनाचे आहेत आणि सोयीसाठी सरळ मिलिमीटरमध्ये लिहिले आहेत.

ओळ ० : १२, ३०, ८, ४१, ५, ०, १
ओळ १ : ०, २, ०, १८, २२, ०, ०
ओळ २ : ९, ०, ०, ६४, ३, ०, ७

कागदावर ओळींच्या बेरजा ९७, ४२ आणि ८३ आल्या. प्रोग्रॅमने ९७, १३९ आणि २२२ दाखवल्या. पहिली बेरीज बरोबर असल्यामुळे आम्ही बराच वेळ दुसऱ्या ओळीच्या आकड्यांतच चूक शोधत बसलो. मग मैत्रिणीच्या लक्षात आले की २२२ ही सगळ्या तक्त्याची बेरीज आहे. बेरजेचे व्हेरिएबल, म्हणजे बेरीज साठवण्याची जागा, आम्ही बाहेरच्या लूपच्या आधी एकदाच शून्य केले होते (लूप म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा भाग; बाहेरचा ओळींचा, आतला स्तंभांचा), त्यामुळे प्रत्येक ओळ मागच्या ओळीचे ओझे घेऊन पुढे जात होती. शून्य करण्याची ओळ बाहेरच्या लूपच्या आत, आतल्या लूपच्या आधी नेली आणि बेरजा जुळल्या.

दुसरी चूक जास्त फसवी होती, म्हणून ती सविस्तर लिहिते. स्तंभांच्या लूपमध्ये "७ पेक्षा कमी" या अटीऐवजी माझ्या हातून "७ किंवा कमी" असे लिहिले गेले होते. म्हणजे प्रत्येक ओळीत सातऐवजी आठ घरे वाचली जात होती. तरीही प्रोग्रॅम बंद पडला नाही. ओळ ० ची बेरीज ९७ म्हणजे बरोबर आली, ओळ १ ची ४२ ऐवजी ५१ आली आणि ओळ २ ला कोट्यवधींची एक निरर्थक संख्या आली. कारण शोधायला आम्ही प्रत्येक घराचा स्मृतीतला पत्ता छापून पाहिला. आमच्या संगणकावर एक पूर्णांक चार बाइट घेतो, म्हणून शेजारच्या घरांच्या पत्त्यांत चारचा फरक होता. आणि [०][६] व [१][०] यांच्यातही चारचाच फरक होता. ओळ संपून दुसरी सुरू होते तिथे स्मृतीत ना भिंत आहे ना जागा सोडलेली आहे. सी मध्ये सगळ्या ओळी एकीपुढे एक अशा सलग ठेवलेल्या असतात, आणि [०][७] असे म्हटले की प्रत्यक्षात [१][०] हे घर हाती येते. ते घर शून्य होते, म्हणून पहिली बेरीज योगायोगाने बरोबर आली. दुसऱ्या ओळीत पुढच्या ओळीचे ९ मिसळले. तिसऱ्या ओळीनंतर तक्ताच संपत होता, तिथे जे काही पडलेले होते ते बेरजेत आले. भाषेच्या प्रमाणानुसार असे मर्यादेबाहेरचे वाचन अनिर्धारित वर्तनात मोडते, म्हणजे आज जसे उत्तर आले तसेच दर वेळी येईल याची काही हमी नाही.

मॅडमना हे दाखवले तेव्हा त्यांनी सांगितले की फोर्ट्रान या भाषेत तक्ता स्तंभाप्रमाणे साठवतात, म्हणजे तिथे एका स्तंभाची घरे शेजारी-शेजारी येतात. ओळ आणि स्तंभ ही माणसाची मांडणी आहे आणि खाली स्मृतीत एकच लांबलचक रांग असते, हे पत्ते छापल्यावर मला पहिल्यांदा नीट कळले.

११ ऑगस्ट

स्तंभांच्या बेरजा झाल्या. लूपांची अदलाबदल करण्यापलीकडे त्यात काही नव्हते. मात्र आमच्या तक्त्यात स्तंभाच्या बेरजेला काही अर्थ नाही. प्रत्येक आठवड्याच्या तिसऱ्या दिवशी मिळून किती पाऊस पडला, हा प्रश्न कोणी विचारणार नाही. प्रश्नात मागितले म्हणून ते उत्तर अहवालात राहील, पण त्याखाली तसे स्पष्ट लिहावे असा माझा आग्रह आहे. सर्वांत मोठी संख्या शोधताना सुरुवातीची किंमत शून्य न धरता [०][०] मधली धरली.

१४ ऑगस्ट

आज उघडीप. रीत अशी ठरवली : दिवस कोरडा असला की मोजणी एकने वाढवायची, पावसाचा दिवस आला की ती शून्य करायची, आणि आतापर्यंतची सर्वांत मोठी मोजणी बाजूला लिहून ठेवायची. लहान तक्त्यावर प्रोग्रॅमने उत्तर दिले ३, ओळ १ मधल्या पहिल्या तीन घरांचे. कागदावर मी बोट फिरवून पाहिले. ओळ ० च्या शेवटी ० आणि १, पुढे ओळ १ च्या सुरुवातीला ०, २, ०. सलग पाच दिवस कोरडे. प्रोग्रॅमने त्यातले दोन गमावले होते.

चूक कुठे होती हे समजल्यावर मी थोडा वेळ गप्पच बसले. चार दिवसांपूर्वी बेरजेचे व्हेरिएबल बाहेरच्या लूपच्या आत नेऊन शून्य केल्यामुळे उत्तर सुधारले होते, आणि तोच धडा डोक्यात ठेवून मी उघडीपीची मोजणीही प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला शून्य केली होती. बेरीज ही आठवड्याची असते, म्हणून तिथे तसे करणे योग्य होते. उघडीप मात्र सातव्या दिवसाच्या रात्री संपत नाही, ती आठव्या दिवसात तशीच चालू राहते. शून्य करण्याची ती एक ओळ बाहेरच्या लूपच्या वर नेली. उत्तर ५ आले, [०][५] पासून [१][२] पर्यंत. सुरुवातीचे घर शोधायला शेवटच्या घराच्या क्रमांकातून लांबी वजा करून एक मिळवला आणि पुन्हा ७ ने भागले. ५ ऑगस्टची रीत इथे कामी आली.

१७ ऑगस्ट

२०२४ ची पूर्ण वही आज भरली. मैत्रीण वाचत होती, मी टंकत होते. वहीत तीन ठिकाणी आकड्याऐवजी आडवी रेघ आहे, कारण त्या दिवशी काका घरी नव्हते. तिथे शून्य लिहिले तर तो कोरडा दिवस ठरतो, म्हणून ही तीन घरे आणि शेवटची चार रिकामी घरे यांत आम्ही उणे एक भरले, कारण पाऊस कधी उणे नसतो.

पण प्रोग्रॅमला ते आपोआप कळत नाही. "२५ पेक्षा कमी" ही अट उणे एकलाही लागू पडते, त्यामुळे सप्टेंबरच्या अखेरची उघडीप चार दिवसांनी लांबली, म्हणजे १ ते ४ ऑक्टोबर हे न मोजलेले दिवसही कोरडे ठरले. शेवटच्या ओळीची बेरीजही ०.४ मिलिमीटरने कमी झाली. इतका लहान फरक सहज नजरेतून सुटला असता. उघडीपीच्या तारखा छापल्या नसत्या तर तो आमच्या लक्षात आला नसता.

बेरजेत उणे एक वगळणे सोपे आहे. उघडीपीत रेघेच्या दिवसाचे काय करायचे हे ठरेना, म्हणून काकांना फोन केला. ते म्हणाले, "बाय, मी नव्हतो म्हणून पाणी थोडेच कुठे गेले? नळीतले ओतले कोणी नाही. दुसऱ्या दिवशी मोजले त्यात आदल्या दिवसाचेही आले." या एका वाक्याने नियम मिळाला. रेघेनंतरचा आकडा दोन्ही दिवसांचा मिळून असतो. तो २५ पेक्षा कमी असेल तर दोन्ही दिवस कोरडे असलेच पाहिजेत. तो जास्त असेल तर पाऊस कोणत्या दिवशी पडला ते सांगता येत नाही, आणि अशा वेळी रेघेचा दिवस उघडीपीत धरायचा नाही असे आम्ही ठरवले, कारण फवारणीच्या कामात उघडीप आहे त्यापेक्षा लांब सांगण्यापेक्षा आखूड सांगणे बरे.

यासाठी "प्रलंबित" नावाचा दुसरा मोजक घेतला. रेघ आली की प्रलंबित एकने वाढतो. कोरडा आकडा आला की चालू मोजणीत प्रलंबित अधिक एक मिळवायचे आणि प्रलंबित शून्य करायचा. पावसाचा दिवस आला की दोन्ही शून्य. शेवटच्या चार रिकाम्या घरांसाठी वेगळे काही लिहावे लागले नाही. त्यांच्या पुढे आकडाच नसल्यामुळे ती प्रलंबितच राहतात आणि मोजणीत येत नाहीत.

२० ऑगस्ट

काकांकडे २०२२ आणि २०२३ च्याही वह्या आहेत, म्हणून तक्ता बदलला : ३ ओळी, १२२ स्तंभ, एक ओळ म्हणजे एका वर्षाचा पावसाळा. आता स्तंभाला अर्थ आला, कारण एक स्तंभ म्हणजे तीन वर्षांतली एकच तारीख. तीन वर्षांवरून सरासरीचे बोलणे मला पटत नाही, म्हणून त्या तारखेला तीनपैकी किती वर्षे पावसाचा दिवस होता एवढेच मोजले.

फंक्शनला, म्हणजे प्रोग्रॅमच्या वेगळ्या लिहिलेल्या तुकड्याला, द्विमितीय अ‍ॅरे देताना स्तंभांची संख्या सांगावीच लागते, कारण तिच्याशिवाय दुसरी ओळ कुठे सुरू होते हे कम्पायलरला (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमला) मोजता येत नाही. एका फंक्शनमध्ये जुने ७ तसेच राहिले होते. कम्पायलरने सूचना दिली होती आणि आम्ही ती न वाचता पुढे गेलो. त्या फंक्शनने २०२३ च्या नावावर ८ जून २०२२ पासूनचे सात दिवस दाखवले. आता ही संख्या सगळीकडे एकाच नावाच्या स्थिरांकातून येते.

त्यानंतर उघडीप शोधली आणि एक विचित्र उत्तर मिळाले : सप्टेंबर २०२२ मध्ये सुरू होऊन जून २०२३ मध्ये संपणारी एकच उघडीप. २०२३ साली मोसमी पाऊस केरळातच ८ जूनला पोचला, त्यामुळे आमच्याकडेही जूनचे पहिले दिवस कोरडेच गेले होते. प्रोग्रॅमने ३० सप्टेंबरला लागून १ जून जोडला, मधले आठ महिने त्याच्या दृष्टीने नव्हतेच. १४ तारखेला मी जी ओळ बाहेरच्या लूपच्या वर नेली होती, ती आज पुन्हा आत आणावी लागली. लूप तेच होते आणि अटही तीच होती. तेव्हा ओळ म्हणजे आठवडा होता आणि एक आठवडा दुसऱ्याला चिकटलेला होता. आता ओळ म्हणजे वर्ष आहे आणि दोन ओळींच्या मधला काळ तक्त्यात नाही. मोजणी कुठे शून्य करायची हे पाठ करता येण्यासारखे नाही, ओळीच्या शेवटी प्रत्यक्षात काय संपते हे दर वेळी विचारावे लागते. अहवालात हा भाग आम्ही सर्वांत मोठा ठेवणार आहोत.

काकांना जूनच्या सुरुवातीची उघडीप नको होती, दुसऱ्या फवारणीच्या काळातली हवी होती. म्हणून स्तंभांचे लूप ३९ ते ९१, म्हणजे १० जुलै ते ३१ ऑगस्ट, या ५३ दिवसांपुरते चालवले. २०२३ च्या ओळीतली सर्वांत लांब उघडीप ऑगस्टमध्ये सापडली. तो ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट होता, आणि त्याची खूण काकांच्या वहीतही निघाली हे पाहून आम्हा दोघींना फार आनंद झाला.

२३ ऑगस्ट

२०२२ ची वही इंचांत आहे. गोव्यात वर्तमानपत्रेही पाऊस इंचांत सांगतात, आणि काकांची जुनी मोजनळीही इंचांचीच होती. एक इंच म्हणजे २५.४ मिलिमीटर, म्हणजे आमच्या एककात २५४. वहीत इंचाचे शंभरावे भाग आहेत, म्हणून आकड्याला २५४ भागिले १०० ने गुणावे असे लिहिले. मी कंसात भागाकार आधी केला होता, आणि पूर्णांकांत २५४ ला १०० ने भागले की उरतात फक्त २. दोन इंचांचा दिवस ४० मिलिमीटर झाला. दोन इंच म्हणजे पन्नास मिलिमीटर हे तोंडपाठ असल्यामुळे चूक लगेच सापडली. पण तोवर दशांश इंचाचा दिवस, जो खरे तर २.५४ मिलिमीटरचा आणि म्हणून पावसाचा, २० ठरून कोरड्यांत गेला होता. आधी गुणाकार, मग जवळचा पूर्णांक मिळावा म्हणून ५० मिळवून भागाकार असा क्रम लावला. २०२२ च्या उघडीपीच्या तारखा बदलल्या.

२४ ऑगस्ट

छापलेला तक्ता घेऊन सावईवेऱ्याला गेले. चवथ, म्हणजे गणेश चतुर्थी, तीन दिवसांवर आल्यामुळे काका गणपतीवर टांगायच्या माटोळीसाठी सुपारीचे घोस बाजूला काढत होते. हात पुसून त्यांनी चष्मा लावला आणि २०२४ च्या ओळीवरून बोट सरकवत गेले. १९ जुलैवर बोट थांबले. "त्या दिवशी पाट फुटून पाणी केळींत शिरले होते. एवढ्याशा पावसाने ते होत नाही." वही काढून पाहिली. वहीत ८१.४ होते, मी १८.४ टंकले होते.

घरी येऊन पाऊस[२][४८] मध्ये १८४ च्या जागी ८१४ लिहिले आणि प्रोग्रॅम पुन्हा चालवला. २०२४ ची बेरीज ६३ मिलिमीटरने वाढली. उघडीपीची उत्तरे तीच राहिली, कारण दोन्ही आकडे २५ च्या वरचेच आहेत. उरलेले आकडे उद्यापासून पुन्हा एकदा वहीशी ताडून पाहायचे आहेत, या वेळी मी वाचेन आणि मैत्रीण पडद्यावर पाहील. निघताना काकांनी २०२१ ची वहीही हातात ठेवली. तीही इंचांत आहे.